शंभर वॅटचा दिवा आणि सात इंचांचे पॅनेल

टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात एक तक्रार वरचेवर येते: आवाज येतो, पण चित्र येत नाही. असा टीव्ही टेबलावर आला की आम्ही दुकानातला दिवा मालवतो आणि पडद्यावर टॉर्च तिरपा धरतो. टॉर्चच्या उजेडात बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा आणि खालून सरकणारी अक्षरांची पट्टी अंधुक का होईना पण दिसली, की निदान झाले: पॅनेल शाबूत आहे, त्याच्या मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्या आहेत. चित्र काढणारे पॅनेल वेगळे आणि त्याला उजेड पुरवणारा दिवा वेगळा, ही गोष्ट निपाणीतल्या माझ्या दुकानात मी मराठी आणि कानडी दोन्ही भाषांतल्या गिऱ्हाइकांना सतत समजावून सांगत असतो. पॅनेलमागचा मंद दिवा काढून तिथे झगझगीत दिवा ठेवला आणि पुढे एक चांगले भिंग बसवले, तर तेच चित्र भिंतीवर मोठे होऊन पडले पाहिजे, हा विचार त्यातूनच आला.

त्याला निमित्त आमच्या गल्लीतल्या मंडळाचे झाले. गणेशोत्सवात प्रोजेक्टर भाड्याने आणावा लागतो, त्या दिवसांत भाडे चढलेले असते, आणि मंडळातले आण्णा दरवर्षी मला विचारतात, "तुम्ही एवढे टीव्ही उघडता, एक प्रोजेक्टर करून द्यायला काय हरकत आहे?" पाचसात हजारांत मिळणारे स्वस्त प्रोजेक्टर बाजारात आहेतच, आणि दुरुस्तीसाठी आलेले असे काही मी उघडूनही पाहिले आहेत. त्यांच्या पोटात एक लहान एलसीडी पॅनेल, एक एलईडी, प्लॅस्टिकची दोन भिंगे आणि पुढे एक नळकांडे एवढाच ऐवज असतो. मात्र तो सगळा गोंदाने आणि चिकटपट्टीने असा बंद केलेला असतो, की आत धूळ गेली किंवा एलईडी गेला तर सुटा भाग मिळत नाही आणि मिळाला तरी बसवता येत नाही. मला जो प्रोजेक्टर करायचा होता, त्यातली प्रत्येक वस्तू स्क्रू काढून बाहेर घेता यावी, एवढी एकच अट मी स्वतःला घातली होती. पैसे वाचतील अशी अपेक्षा सुरुवातीपासून नव्हती, आणि ते वाचलेही नाहीत.

दुकानात बत्तीस इंची टीव्हीची काढलेली पॅनेले पडून होती, तरी त्यांचा इथे उपयोग नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. पॅनेल जेवढे मोठे, तेवढीच त्याच्या मागची आणि पुढची भिंगे मोठी लागतात, पेटी त्याच प्रमाणात लांब होते आणि चित्र फेकणारे मुख्य भिंगही असे लागते की जे बाजारात मिळत नाही. वीस वर्षांपूर्वी हौशी लोक शाळा-कॉलेजातल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरवर पंधरा इंची मॉनिटरचे पॅनेल ठेवून हा उद्योग करीत आणि दिव्यासाठी ४०० वॅटचा मेटल हॅलाइड वापरीत. तो दिवा पेटवायला काही हजार व्होल्टचा झटका लागतो, तो अतिनील किरण सोडतो आणि एकदा विझला की थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते तशी ती गेली, तर प्रेक्षकांना दहा मिनिटे अंधारात बसवावे लागेल. म्हणून मी सात इंची पॅनेल आणि शंभर वॅटचा सीओबी एलईडी, म्हणजे एकाच पाटीवर शंभर बारीक एलईडी शेजारी शेजारी बसवलेला चौकोनी दिवा, अशी जोडी ठरवली. पॅनेल १०२४ गुणिले ६०० बिंदूंचे, त्याची चित्र दिसणारी जागा १५४ मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच. ते आणि त्याला जोडायचे एचडीएमआयचे बोर्ड मी मुंबईहून मागवले.

या कामात चित्र मिळवणे सोपे असते आणि उजेड पोचवणे अवघड असते, असे माझे आता पक्के मत झाले आहे. हिशेब मांडला की ते दिसते. शंभर वॅटचा एलईडी मी सुमारे ८० वॅटवर चालवतो, तेव्हा तो साधारण ७,००० ल्यूमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड मोजण्याचे माप) उजेड देतो असे धरू. हा उजेड चहूकडे पसरतो, त्यातला निम्मा भिंगांच्या तावडीत सापडतो, म्हणजे ३,५०० उरले. भिंगातून निघणारा झोत गोल असतो आणि पॅनेल आयताकृती असते, त्या गोलात हा आयत बसवला की क्षेत्रफळाच्या हिशेबाने ५४ टक्केच उजेड पॅनेलवर पडतो आणि बाकीचा चौकटीवर आदळून वाया जातो, म्हणजे राहिले १,९००. आता खरा जकातनाका येतो, तो म्हणजे स्वतः पॅनेल. त्याच्या मागचा पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी पातळ फिल्म, निम्म्याहून अधिक उजेड गिळतो, लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या गाळण्या उरलेल्यापैकी दोन तृतीयांश अडवतात आणि बिंदूंच्या मधल्या काळ्या रेघा आणखी थोडा खातात. सगळे वजा जाता आत गेलेल्या उजेडापैकी सहाएक टक्के पलीकडे निघतो, म्हणजे ११५ ल्यूमेन. पुढच्या भिंगांत आणखी पाचवा हिस्सा गेला की भिंतीवर पोचतात ते जेमतेम ९०. पाच फूट, म्हणजे दीड मीटर रुंदीच्या चित्राचे क्षेत्रफळ १.२६ चौरस मीटर भरते, म्हणून त्यावर साधारण ७० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ७० ल्यूमेन, उजेड पडतो. डिजिटल चित्रपटगृहात पांढऱ्या पडद्याची तेजस्विता दर चौरस मीटरला ४८ कॅन्डेला असावी असा दंडक आहे, आणि साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढी यायला सुमारे १५० लक्स लागतात. माझ्या चित्राला त्याच्या निम्म्यापेक्षा थोडा कमीच उजेड मिळतो, आणि पूर्ण अंधारात तेवढा डोळ्यांना पुरतो. या हिशेबातली पॅनेलची पायरी माझ्या हातात नव्हती, बाकीच्या सगळ्या होत्या, म्हणून पुढची बहुतेक मेहनत त्यांच्यावरच खर्च झाली.

उजेड गोळा करायला दोन फ्रेनेल भिंगे लागतात. जाड काचेच्या भिंगाचा वक्र पृष्ठभाग तेवढा बारीक बारीक कड्यांत कापून एका सपाट पत्र्यावर मांडावा, तसे हे भिंग असते. त्यावरून नख फिरवले तर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे खाचे लागतात. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने दीपगृहांसाठी ते घडवले आणि १८२३ साली कॉर्दुआनच्या दीपगृहात ते प्रथम लागले. आपल्याला मिळते ते ॲक्रिलिकचे, वजनाला हलके आणि किमतीला स्वस्त. माझे मागचे भिंग १२० मिलिमीटर नाभीय अंतराचे आहे. त्याच्या नाभीवर एलईडी ठेवला की पसरणारा उजेड समांतर होऊन पॅनेलमधून सरळ जातो. पुढचे २०० मिलिमीटरचे भिंग तोच समांतर उजेड पुन्हा गोळा करून चित्र फेकणाऱ्या भिंगाच्या तोंडात घालते. दोन्ही भिंगांची खाचांची बाजू पॅनेलकडे, म्हणजे समांतर उजेडाच्या बाजूला ठेवायची असते. ती उलटी बसवली तर कडांकडून उजेड गळतो आणि चित्राचे कोपरे काळवंडतात. शिवाय भिंग पॅनेलला अगदी चिकटवले, तर त्या कड्या पडद्यावर दिसू लागतात आणि बिंदूंच्या जाळीशी मिळून लाटांसारखे पट्टे उमटतात, म्हणून मध्ये पंधरा मिलिमीटरची फट मी ठेवली आहे.

विकणारा सांगतो ते नाभीय अंतर खरे असेलच असे नाही, म्हणून भिंग हातात आले की ते मोजून घेतलेले बरे. मी दुपारी अंगणात फ्रेनेल सूर्याकडे धरून खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला आणि ठिपका लहानात लहान होईपर्यंत भिंग वरखाली केले. ठिपका चवलीएवढा झाला तेव्हा पट्टीवर आकडा वाचायला मान वळवली, तोवर कागद तपकिरी होऊन धूर निघू लागला होता. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, घर पेटवतोस की काय?" तिची भीती रास्त होती. तळहाताएवढे भिंग उन्हात नुसते पडून राहिले तरी आसपासचे काही पेटू शकते, म्हणून आमच्या दुकानात ही भिंगे खोक्यात आणि कपड्याखाली असतात.

चित्र फेकणारे भिंग मात्र काचेचे आणि तीन भिंगांच्या जोडणीचे, म्हणजे ट्रिप्लेट, घ्यावे. एकट्या बहिर्वक्र भिंगाने चित्र पडते, पण कडांना निळे-तांबडे काठ दिसतात, आणि मधला भाग स्पष्ट केला तर कोपरे अस्पष्ट राहतात. माझ्या ट्रिप्लेटचे नाभीय अंतर १८० मिलिमीटर आहे. दहावीच्या विज्ञानात शिकलेले भिंगाचे सूत्र इथे तंतोतंत लागू पडते. १५४ मिलिमीटरचे चित्र १,५०० मिलिमीटर करायचे, म्हणजे ९.७ पट वाढवायचे. मग पॅनेल भिंगापासून १९८ मिलिमीटरवर आणि पडदा भिंगापासून सुमारे १ मीटर ९३ सेंटिमीटरवर असायला हवा. पेटीची लांबी, नळकांड्याची सरक आणि स्टूल कुठे ठेवायचे हे सगळे या एका गणितातून निघते. लाकूड कापण्याआधी हे गणित कागदावर करून घेतले, त्यामुळे पुढे सुतारकामात अडचण आली नाही.

पॅनेल सोलणे हे या सगळ्यातले सर्वांत नाजूक काम, आणि धंद्यामुळे मला त्याची सवय होती. मागचा पत्र्याचा डबा चिमट्याने कडेकडेने उकलला की आधी पांढरा कागद लागतो, मग ॲक्रिलिकची जाड पाटी, मग उजेड पसरवणारे दुधी आणि चमकदार पडदे, आणि शेवटी पॅनेलची काच. ही काच कागदी पापडाइतपत जाड वाटते. तिच्या एका काठाला तांबूस रंगाची लवचीक रिबन चिकटवलेली असते, आणि तिच्यातली एक बारीक तार जरी तुटली तरी चित्रात उभी रेघ येते आणि ती कायमची राहते. म्हणून काच उचलताना रिबनच्या बाजूने कधीच उचलायची नाही. बोर्ड आणि काच दोन्ही एकाच वेळी, एकाच पातळीत उचलायची. काढलेले दुधी पडदे मी टाकले नाहीत, दुसऱ्या कुणाच्या टीव्हीला ते लागतातच.

काच मोकळी झाल्यावर ती कुठल्या तोंडाने बसवायची हा प्रश्न येतो आणि त्यात डोके चालवावे लागते. भिंग चित्र उलटे पाडते, वरचे खाली आणि डावे उजवीकडे, म्हणून पॅनेल डोक्यावर उभे करून बसवावे हे सर्वांच्या लक्षात येते. परंतु पॅनेलची दर्शनी बाजू भिंगाकडे ठेवून ते उलटे केले, तर पडद्यावर अक्षरे आरशात दिसावीत तशी येतात. कारण आपण पाहतो आहोत प्रोजेक्टरच्या मागून आणि पॅनेलचे तोंड आहे पलीकडे. बोर्डाच्या मेनूत चित्राची डावी-उजवी बाजू आरशासारखी बदलण्याची सोय असली तर प्रश्न सुटतो. माझ्या बोर्डात ती नव्हती. मग मी पॅनेलची दर्शनी बाजू दिव्याकडे आणि पाठ भिंगाकडे केली आणि ते डोक्यावर उभे केले. अक्षरे सरळ झाली, शिवाय आणखी एक फायदा पदरात पडला. दर्शनी बाजूच्या पोलरायझरवर झळाळी कमी करण्यासाठी खरखरीत थर दिलेला असतो, आणि तो भिंगाच्या बाजूला असला की बाहेर पडणारे किरण विस्कटून चित्र मऊ पडते. काही जण ओले फडके तासन्‌तास ठेवून तो थर सोलून काढतात; त्यात पोलरायझरच सुटून येण्याची धास्ती असते. तोच थर दिव्याच्या बाजूला गेला, की किरण विस्कटतात ते चित्र तयार होण्याआधी, त्यामुळे थोडा उजेड कमी होतो, पण चित्राच्या धारेला धक्का लागत नाही. रिबनही वरच्या काठाला गेली आणि बोर्ड झोताच्या वाटेतून आपोआप बाजूला झाला.

एलईडीचे काम वेगळ्याच प्रकारचे आहे. शंभर वॅटच्या सीओबीला सुमारे ३२ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात, आणि त्याला व्होल्टेज स्थिर ठेवणारा साधा ॲडॅप्टर कधीच जोडू नये. एलईडी तापला की त्याला लागणारे व्होल्टेज उतरते, मग त्याच व्होल्टेजला करंट वाढतो, करंट वाढला की तो आणखी तापतो, आणि हे चक्र एलईडी जळेपर्यंत चालते. म्हणून करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हर लावला आणि तो अडीच अँपिअरवर बांधला. घेतलेल्या विजेपैकी दोन तृतीयांशाहून जास्त उष्णतेत जाते, तेव्हा पन्नास-साठ वॅट उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची असते. जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा तांब्याच्या नळ्यांचा कूलर यासाठी उत्तम. फक्त त्याच्या बुडाला एलईडी घट्ट बसायला सपाट पाटी आणि चार आटे हवेत. त्यासाठी बेळगावला उद्यमबागेत माझे मेहुणे ज्या कारखान्यात टर्नर आहेत तिथे गेलो. त्यांनी ॲल्युमिनियमची पाटी लेथवर सपाट करून आटे पाडून दिले आणि ट्रिप्लेट पीव्हीसी पाइपात बसवायला नायलॉनची एक कडी लेथवर काढून दिली. शेजारच्या मशीनवरचे मामा कानडीत विचारत होते, हे सगळे विकत मिळत नाही का? मिळते. पण निपाणीहून चाळीस किलोमीटरवर कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला, तोही तेव्हा विकत मिळतच होता. मेहुण्यांनी हेच त्यांना कानडीत सांगितले, आणि मग मामांनी कडीच्या आतल्या बाजूला एक खाच स्वतःहून काढून दिली, म्हणजे भिंग पुढेमागे सरकणार नाही.

या ॲल्युमिनियमच्या पाटीला अर्थिंग जोडायला मी विसरलो नाही. ड्रायव्हरच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात आणि फोकस करताना हात सारखा पेटीत जातो.

पेटी बारा मिलिमीटरच्या प्लायवूडची केली. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता, कापायला सोपा, पण आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात तो फुगतो आणि फुगला की भिंगांची रेषा बिघडते. सुतारकाकांनी आत तळाला दोन पट्ट्या ठोकून त्यांच्यावर सरकतील अशा चार उभ्या फळ्यांच्या चौकटी करून दिल्या, एलईडी, मागचे फ्रेनेल, पॅनेल आणि पुढचे फ्रेनेल यांना एकेक. आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग दिला, कारण तो चमकत नाही. फोकससाठी पीव्हीसीचा पाइप आणि त्यावर सरकणारे त्याच मापाचे कपलर. थोडे पॉलिश पेपरने घासले आणि आत पातळ वेल्व्हेटची पट्टी चिकटवली, की हाताने ढकलले तेवढेच सरकते आणि सोडले तिथे थांबते.

जोडणी करताना पॅनेल बसवण्याआधी उजेडाची वाट तपासावी. मुख्य भिंग जिथे येणार तिथे पांढरा कागद धरला आणि एलईडी मंद पेटवला. कागदावर एक पिवळट चौकोन उमटला, त्यात एलईडीच्या बारीक ओळी मोजता येण्याइतक्या स्पष्ट दिसत होत्या. हा चौकोन म्हणजे एलईडीची प्रतिमा. ती भिंगाच्या तोंडात पूर्ण मावली पाहिजे. भिंगाबाहेर जेवढी सांडेल तेवढा उजेड गेला. एलईडी डावीकडे दोन मिलिमीटर सरकला की चौकोन उजवीकडे त्याहून जास्त सरकतो, आणि पडद्यावर एक बाजू अंधारी होते. एलईडीच्या चौकटीला मी आडव्या-उभ्या लांबट भोकांतून स्क्रू घेतले होते, त्याचा उपयोग इथे झाला. चौकोन मध्यावर येईपर्यंत सरकवून मग स्क्रू आवळले.

पहिली लांब चाचणी शेजारच्या तंबाखूच्या वखारीत घेतली. हंगाम संपून वखार रिकामी होती, खिडक्या लहान, आणि दार लावले की भर दुपारी अंधार. पडदा म्हणून बाजारातून जाड मांजरपाट आणून त्याला पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात दिले होते आणि मागे काळे कापड लावले होते, कारण नुसत्या कापडातून उजेड आरपार जातो. चित्र उमटले, मुले ओरडली, आणि साधारण अर्ध्या तासाने चित्राच्या मध्यभागी एक काळसर डाग दिसू लागला. तो हळूहळू बशीएवढा झाला. अशा वेळी घाबरायचे कारण नसते, पण वाट पाहत बसायचेही नसते. पॅनेलमधला द्रवस्फटिक ठरावीक तापमानाच्या वर गेला की त्याची मांडणी मोडते, तो प्रकाशाची दिशा फिरवायचे सोडून देतो आणि या जातीच्या पॅनेलमध्ये ती जागा काळी पडते. थंड झाली की पूर्ववत होते. एलईडी बंद करून पंखे चालू ठेवले तेव्हा डाग बाहेरून आत आक्रसत नाहीसा झाला. पोलरायझर मात्र एकदा भाजला की तपकिरीच राहतो, म्हणून अशा वेळी दिवा लगेच बंद करणे हाच उपाय.

कारण सापडायला वेळ लागला नाही. पंख्याची हवा पॅनेलच्या भिंगाकडच्या बाजूने वाहत होती, आणि तापत होती दिव्याकडची बाजू, कारण गिळलेला निम्मा उजेड तिथल्या पोलरायझरमध्येच उष्णता होऊन राहतो. मग फ्रेनेल आणि पॅनेल यांच्यातल्या पंधरा मिलिमीटरच्या फटीत खालून हवा ढकलणारा एक आणि वरून ओढणारा एक असे दोन पंखे दिले आणि एलईडीच्या कूलरची गरम हवा वेगळ्या वाटेने मागे सोडली. कारखान्यातून आणलेल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले तर दोन तास चालवूनही काच ५० अंशांच्या आत राहिली. अशा पॅनेलांची मर्यादा बहुधा ६० ते ७० अंश असते, तेव्हा एप्रिलच्या उकाड्यासाठीही थोडी सवड उरते.

वखारीने आणखी एक धडा दिला, तो पुस्तकात सापडणारा नाही. झाडून घेतले तरी तंबाखूची धूळ तिथल्या हवेत असतेच; ती पंख्यांनी ओढली, पॅनेलवर बसली, आणि पडद्यावर नायिकेच्या कपाळावर वाटाण्याएवढे ठिपके येऊन बसले, ते हलेनात. भिंगांवर बसलेली धूळ दिसत नाही, फक्त उजेड थोडा कमी होतो. पॅनेलवर बसलेली मात्र चित्रासारखीच फोकसमध्ये येते आणि दहापट मोठी होते. अर्ध्या मिलिमीटरचा कण पडद्यावर पाच मिलिमीटरचा दिसतो. आता हवा आत येते तिथे कूलरच्या जाळीत घालतात तसला फोमचा तुकडा आहे, तो महिन्यातून एकदा धुतो, आणि पॅनेल साफ करायला ब्लोअरच वापरतो. ओल्या बोळ्याने पुसले तर तंबाखूचा तपकिरी डाग काचेवर पसरतो.

विजेचा खर्च एलईडी, पॅनेल आणि पंखे मिळून शंभर वॅटच्या आसपास आहे, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर पूर्ण चित्रपट निघतो. रंग सुरुवातीला हिरवट येत होते. बोर्डाच्या मेनूत हिरवा थोडा उतरवून आणि लाल चढवून ते जमवले, तरी गडद तांबडा अजून विटकरीकडे झुकतो. काळा रंग हा या प्रकारच्या प्रोजेक्टरचा कायमचा उणेपणा. रात्रीच्या प्रसंगात आकाश राखाडी दिसते, कारण पॅनेल उजेड पूर्णपणे अडवत नाही. क्रिकेट आणि जुने कृष्णधवल चित्रपट मात्र छान दिसतात. एकूण सात हजारांच्या आसपास खर्च आला, त्यात मेहुण्यांची मजुरी धरलेली नाही, कारण त्यांनी ती घेतली नाही.

आण्णांनी वखारीत येऊन चित्र पाहिले, पसंत केले, आणि मग म्हणाले, "मंडपात याचा दहा फुटी पडदा करू." मी त्यांना कागदावर हिशेब करून दाखवला. रुंदी दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, ७० लक्सचे सतरा-अठरा होणार, आणि मंडपात रोषणाईच्या माळा असतात त्या वेगळ्याच. त्या उजेडात प्रेक्षकांना फक्त पांढरे कापड दिसेल. आण्णांना ते पटले नसावे, पण त्यांनी कागद खिशात ठेवला. यंदाही मंडपात भाड्याचाच प्रोजेक्टर येणार आहे, आणि हा शनिवारी रात्री वखारीत, पाच फुटी पडद्यावर चालतो.